कपाशीच्या फुलांची फरशी

रहेमतुल्ला मिस्त्रींच्या अंगणात फरशी अंथरली की सलीमा त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा खुर्शीद मिठाचा खडा शेजारी घेऊनच जेवायला बसायचा आणि मिस्त्री, म्हणजे तिचे सासरे, अळणी भाजी मुकाट्यानं खाऊन वर ‘झकास’ म्हणायचे. घरात माणसं ही तिघंच. चौथं माणूस म्हणजे पत्र्याच्या छपराखालचं लोखंडी यंत्र. मिस्त्रींनी तरुणपणी मुंबईच्या एका कारखान्यात सिमेंटच्या फरश्यांचं काम शिकून घेतलं होतं. ते दाबयंत्र त्यांनी रेल्वेनं जलंबपर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीनं खामगावला आणि स्टेशनापासून घरापर्यंत दोन बैलगाड्या जोडून आणलं, त्याला आता वीस वर्षं होत आली होती. वऱ्हाडात तोवर लोक शहाबादी दगड नाहीतर शेण एवढंच ओळखत होते.

फरशी अंथरणं हा या घराचा रिवाज होता. फरश्या तयार झाल्या की त्या गवतात बांधून लगेच गाडीत जात नसत. ज्या खोलीसाठी त्या केल्या, त्या खोलीचं माप गाठी मारलेल्या दोरीनं अंगणात आखायचं, त्यावर वाळू पसरायची आणि अख्खी फरशी नुसती मांडून ठेवायची, तीन दिवस. तिला ऊन लागू द्यायचं, दव लागू द्यायचं, तिच्यावर चालायचं. मिस्त्री काठी आपटत फिरायचे आणि पोकळ वाजणारी एखादी शोधून काढायचे. ती तिथल्या तिथे हातोड्यानं फुटायची, मग तिच्यावरचं फूल कितीही सुंदर असो. तिसऱ्या दिवशी दुपारी घरातल्यांनी मधोमध बसून जेवायचं. जेवताना हळदीचं वरण मुद्दाम सांडायचं, वर तेलाचे चार थेंब टाकायचे आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. पिवळा डाग राहिला, तर फरशी कच्ची. मग सगळा माल परत पाण्याच्या हौदात. डाग गेला, की मिस्त्री म्हणायचे, ‘हळद पचली.’ त्यानंतर प्रत्येक फरशीच्या पाठीवर काजळीनं आकडा टाकायचा, म्हणजे अंगणात जी जिथे होती ती गिऱ्हाइकाच्या घरीही तिथेच बसावी. हे सगळं गिऱ्हाइकाला कुणी सांगत नसे, आणि गिऱ्हाईकही विचारत नसे.

सलीमा धामणखेडच्या पिंजाऱ्याची लेक. धामणखेड म्हणजे चिखलीच्या रस्त्याला सहा कोसांवरचं गाव. चार वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी तिला चिडवून हैराण केलं होतं की तुझे पाय आता फुलांशिवाय कशावर पडायचे नाहीत. तीही बिचारी रोज पडल्या पडल्या तेच पाहत राहायची: सगळं घरच एक वेल होऊन पसरलंय आणि आपण त्यावर अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय. सासरी उंबरठा ओलांडला तर आत शेणानं सारवलेली जमीन. चांगली फरशी विकायची, वाईट फरशी फोडायची; मग घरात बसवायला उरणार काय? तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण ते अंथरणीचे तीन दिवस तिचे होते. त्या दिवसांत ती कामं हळूहळू करायची, अंगणातून जायचं कारण नसतानाही जायची, आणि दुपारी लिंबाची सावली फरशीवर आली की गाल टेकवून तिथेच पडायची. डोळे मिटले की फुलं हलायला लागत. वारं तिला दिसत नसे, पण ती हलत.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं ते चौथं वर्ष. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिट मोठ्यांना मिळायचं. छपराखाली अकरा पोती उरली होती. ती संपली की यंत्र बंद. खुर्शीदला कापसातली सरकी काढायच्या एका जिनात चाकांना तेल घालायचं काम सांगून आलं होतं आणि त्यानं ‘पाहतो’ म्हणून ठेवलं होतं. अशात धामणखेडच्या उकंडराव पाटलांचं काम आलं. त्यांनी नवं घर बांधलं होतं. सोपा आणि त्याला लागून मोठी खोली, दोन्हीला फरशी हवी होती आणि नक्षी हवी होती कपाशीच्या फुलाची. पिवळ्या पाच पाकळ्या, पोटात गडद लाल ठिपका, कडेला हिरवी वेल. ही नक्षी रहेमतुल्लांनी स्वतः काढली होती, तांबटाकडून तिची पितळी जाळी करून घेतली होती, आणि त्यांच्याशिवाय ती कुणाकडेच नव्हती. पाटील तालुक्याच्या सिमेंटच्या कमिटीवर होते. मिस्त्री म्हणाले, फरशी पाहून पाटील खूश झाले तर आपल्या परमिटसाठी दोन शब्द टाकतील, आणि मग यंत्र चालू राहील. अकराही पोती त्यांनी या एका कामात ओतली.

चैत्राचं ऊन छपरावर तापायच्या आधी काम सुरू व्हायचं. साच्यात जाळी बसवायची, जाळीच्या एकेका घरात पळीनं एकेक रंग सोडायचा, मग जाळी श्वास रोखून सरळ वर उचलायची. हात जरा कापला तर पिवळ्यात लाल शिरलंच. त्यावर सिमेंटची कोरडी भुकटी, त्यावर ओला माल, आणि मग खुर्शीद यंत्राच्या दांड्याला लोंबकळायचा. गंमत अशी की फरशी उपडी घडते. तिचा चेहरा खाली असतो. करणाऱ्यानं न पाहताच फूल काढायचं, आणि दाब सुटून फरशी उलटी झाली की मगच कळायचं काय झालं ते. मिस्त्रींना साठी उलटली होती, तरी दरवेळी उलटी करताना ते जरासे पुढे वाकायचे.

पाणी सलीमाकडे. फरशी एकवीस दिवस पाण्यात राहिली पाहिजे. विहीर खाली गेली होती, दोराला आणखी दोन वाव जोडावे लागले. ती पहाटेपासून चाळीस चाळीस घागरी ओढायची. सिमेंटच्या पाण्यानं तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. खोबरेल चोळलं तरी भाकरी थापताना ओठ आवळावे लागायचे. हौदात हात घातला की तळाची फुलं पाण्यातून दुप्पट मोठी दिसायची, आणि ती भेगा विसरून तशीच उभी राहायची. खुर्शीद म्हणायचा, आमच्या घरात एक माणूस हौदातच नांदतं.

वैशाख लागला तशी फरशी अंगणात आली. एवढी मोठी आजवर कधी अंथरलीच नव्हती. घराच्या ओट्यापासून फाटकापर्यंत नुसतं पिवळं शेत. शेजारपाजारच्या बाया भिंतीवरून बघून गेल्या. तिसरा दिवस बुधवारचा होता. दुपारी जेवणं झाली, संध्याकाळी हळद पचली. रात्रीच्या आत आकडे टाकून माल गवतात बांधायचा, कारण पाटलांच्या गाड्या गुरुवारी येणार होत्या. खुर्शीद काजळीची वाटी घेऊन आला, आणि सलीमाच्या तोंडून निघून गेलं.

“अब्बा, एक दिस ऱ्हाऊ द्या ना.”

खुर्शीद हसला. त्याला वाटलं मस्करी. मिस्त्रींनी मात्र तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे. गाड्या काई दुपारच्या आत येत नाईत.” नवऱ्याला नवल वाटलं. सलीमाला तर काय वाटलं ते सांगता येणार नाही. आकडे मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी टाकले, आणि एकेक फरशी उचलून परत होती तिथे ठेवली.

गुरुवारी सकाळी तिनं गरम भाकरी केल्या, कांद्याचं कोरड्यास केलं, आणि ताटं उचलून मोठ्या खोलीच्या फरशीच्या अगदी मधोमध नेऊन मांडली. आज परीक्षा नव्हती. नुसतं जेवण होतं, सकाळच्या कोवळ्या उन्हातलं. तिघं बसली. ती सारखी बोलत होती, एरवी जेवताना कधी बोलत नसे. कोरड्यासात त्या दिवशी मीठ बरोबर पडलं होतं आणि मिस्त्रींनी ते बोलून दाखवलं. तिच्या हातून वाटी कलंडली, तेलाचा ओघळ एका फुलावर गेला, आणि ती हसली.

तेवढ्यात फाटकात तुळशीराम उभा दिसला. हा पाटलांचा कारभारी. उन्हाच्या आत पोचावं म्हणून त्यानं गाड्या लवकर जुंपल्या होत्या. तो पायातली वहाण अर्धी काढून तसाच थांबला होता. त्यानं फरशी पाहिली, ताटं पाहिली, ओघळ पाहिला. मिस्त्री उठून सामोरे गेले, हा आमचा रिवाज आहे म्हणाले, हळदीचं सांगितलं, डाग राहत नाही म्हणाले. तुळशीरामनं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पाणी घ्या म्हटलं तर नको म्हणाला. पाटलाले इचारून येतो, एवढं बोलून त्यानं वहाण पुन्हा पायात घातली, आणि चार रिकाम्या गाड्या आल्या वाटेनं परत गेल्या.

दोन दिवसांनी तुळशीराम निरोप घेऊन आला. ती मोठी खोली देवघरासाठी होती. पाटलांच्या मनात जुन्या घरातला देव्हारा तिथेच मांडायचा होता. गावच्या जोशांनी विचारलं होतं की उष्ट्या फरशीवर देव कसे बसवायचे, आणि तेही अशा घरच्या उष्ट्या. पाटलांचा राग नव्हता, तुळशीरामनं दोनदा सांगितलं की राग नाही. फक्त फरशी नको होती. मिस्त्री ‘बरं’ म्हणाले. कुणी पाण्याचा पेला परत करावा तसं म्हणाले, आणि छपराखाली जाऊन जाळ्या पुसत बसले.

परमिटाचं बोलणंच उरलं नाही. खुर्शीद त्या दिवशी पहिल्यांदा बायकोवर घसरला. “तुह्या एका दिसापायी यंत्र गेलं माह्या बापाचं,” तो म्हणाला. खरंच होतं ते. बुधवारीच बांधली असती, तर गाड्या भरून गेल्या असत्या आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

मिस्त्रींनी आतून ऐकलं. बाहेर येऊन ओट्यावर बसले. “तिले काई म्हनू नको,” ते म्हणाले. “तुह्या मायनं बी एक दिस मांगला व्हता. लोनारच्या वकिलाची फरशी व्हती. मी म्हनलं, नूरबी, लोकायच्या चीजेवर आपला हक काय? उचलली. त्याच पानकाळ्यात ते गेली.” मग म्हणाले, “तो एक दिस देला असता त काय बिघडत व्हतं? बारा साल झाले, मी सवताले हेच पुसून राह्यलो.”

खुर्शीदनं मान खाली घातली. सलीमा चुलीपाशी जाऊन रडली.

फरशी अंगणातच राहिली. उचलून ठेवायची कुठे, आणि कुणासाठी? आता ती सलीमाचीच होती, एक दिवस नाही, हवे तितके दिवस. आणि हिचं पाऊल काही तिच्यावर पडेना. ती भिंतीच्या कडेकडेनं, मातीवरून, घागर कमरेवर तोलत जायची. दुपारी लिंबाची सावली फुलांवर यायची आणि एकटीच पडून निघून जायची. वाळलेली पानं साचली. एक सरडा रोज त्याच पिवळ्या पाकळीवर येऊन मान हलवायचा. घर स्वप्नात पाहिलं होतं तसंच दिसत होतं, अगदी तसंच, आणि तिला ते पाहवत नव्हतं. खुर्शीदनं जिनात होकार कळवला. सोमवारपासून जायचं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी सलीमानं सासऱ्यांना सांगितलं, मी धामणखेडला जाऊन येते. ते म्हणाले, माहेर आहे तुझं, जा. त्यांना कळलं असावं. पण विचारलं नाही.

चिखलीच्या मोटारीला पेट्रोल नव्हतं. मागे कोळशाची भट्टी बांधली होती आणि चढण आली की उतारूंनी उतरून ढकलायची. ती बायकांच्या बाकावर पदर घट्ट धरून बसली. बाहेर वेचणी संपून उलंगलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या, वाकड्या, त्यांना मधूनच एखादा कापसाचा पुंजका लटकलेला. उन्हानं सगळं पाण्यासारखं थरथरत होतं. काय बोलायचं ते तिनं सहा कोस जुळवलं आणि गाव आल्यावर सगळं विसरली.

पाटलांच्या घराच्या मागच्या दारानं जायची तिला लहानपणापासून सवय होती. बाप पिंजलेल्या गाद्या घेऊन यायचा, तेव्हा ती त्याचं बोट धरून येई. बाप आता नव्हता. मागच्या पडवीत उकंडरावांच्या आई, झुंबरबाई, बसल्या होत्या. सत्तरीच्या बाई, पाय पसरलेले, दोन्ही तळव्यांना ओली फडकी गुंडाळलेली. त्यांच्या तळपायांची आग व्हायची. उन्हाळ्यात तर रात्र रात्र डोळा लागत नसे.

“पिंजाऱ्याची सलीमा ना वं तू?” त्या म्हणाल्या. “बस.”

ती उंबऱ्याबाहेर मातीत बसली आणि जे होतं ते सांगून टाकलं. रिवाज काय ते सांगितलं. पण त्या दिवशी रिवाज नव्हता, रिवाज आदल्या दिवशीच झाला होता, हेही सांगितलं. फरशी मी ठेवून घेतली, मला ती हवी होती म्हणून. सासऱ्यांची चूक नाही, नवऱ्याची नाही. हे सांगायला आली, दुसरं काही मागायला नाही. तिनं शेवटपर्यंत सांगितलं.

झुंबरबाई ऐकत होत्या की झोपल्या होत्या, कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “कशी लागते वं पायाले?”

सलीमाला वाटलं आपण भलतंच ऐकलं. “काय?”

“फरशी वं. पाय ठेवला का कशी लागते?”

“सकायी सकायी विहिरीच्या पायरीवानी,” सलीमा म्हणाली. “पहिले गार लागते. मंग थोडा येळ उभं ऱ्हायलं का आपला पाय कोठी संपला अन फरशी कोठी लागली, ते समजतच नाई.”

म्हाताऱ्या बाईंनी पायाची फडकी सोडली, घट्ट पिळली, पुन्हा गुंडाळली. “जाय आता,” त्या म्हणाल्या. “मोटार चुकन.”

एवढंच. परतीच्या वाटेवर सलीमा चढणीला सगळ्यांबरोबर उतरली आणि मोटार ढकलत राहिली. काही झालं नाही, हे तिला पुरतं कळलं होतं. निदान खोटं बोलले नाही, एवढंच मनाला सांगायला उरलं होतं.

सोमवारी खुर्शीद जिनात गेला. मंगळवारी तुळशीराम चार गाड्या घेऊन फाटकात हजर. या वेळी त्यानं पाणी मागून घेतलं, गटागटा प्याला, आणि ओट्यावर बसून सगळा किस्सा रंगवून सांगितला. म्हातारीनं लेकाला जेवताना धरलं होतं. म्हणाली, “ज्या गादीवर मी चाळीस वर्सं निजली, ते कोनाच्या हातची व्हती रे? तवा जोशीबुवाले नाई इचारलं.” पाटलांचा घास हातातच राहिला. शेवटी असं ठरलं की देव जुन्या घरातच राहू द्यायचे, ते तिथे सुखी आहेत. सोपा आणि मोठी खोली, दोन्हीला हीच फरशी. मोठी खोली आता म्हातारीची. आणि काम पाहून पाटील परमिटाच्या कागदावर स्वतः सही देणार होते. मिस्त्री उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

फरशी सलीमानं आपल्या हातांनी उचलली, एकेक, आकडा पाहून, दोन थरांत गवत घालून. खुर्शीदनं जिनातून रजा मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा काम सोडून आला. बापलेकांनी धामणखेडला नऊ दिवस राहून फरशी बसवली. दहाव्या दिवशी सलीमा गेली, कारण बसलेली फरशी पहिल्यांदा घरच्या बाईनं धुवायची, हे काम नूरबीपासून चालत आलं होतं. तिनं घागरीमागून घागरी ओतल्या, गुडघ्यांवर बसून काथ्यानं घासलं, फडक्यानं कोरडं केलं. फुलं अशी वर आली की खोली तिला आत आत ओढत गेल्यासारखी वाटली. मग ती बाहेर येऊन दाराशी उभी राहिली.

दारात पाटील होते, त्यांची बायको होती, तुळशीराम होता, गावातली पाच-दहा माणसं होती. सगळे फरशीची तारीफ करत होते आणि पाऊल कुणी टाकत नव्हतं. पाटील उगाच चौकटीवरून हात फिरवत राहिले. मिस्त्री भिंतीला टेकून खाली पाहत होते.

झुंबरबाई सुनेच्या खांद्याचा आधार घेत आल्या. उंबऱ्यात सुनेचा हात सोडला. पायाची फडकी त्यांनी पडवीतच टाकली होती. एक पाय आत ठेवला, मग दुसरा, आणि तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून, कितीतरी वेळ. कुणाला वाटलं त्यांना घेरी आली. पाटील पुढे झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“सलीमा,” त्या म्हणाल्या, “तुमी त्या दिशी जेवाले कोठी बसले व्हते?”

खुर्शीदनं सलीमाकडे पाहिलं. आता काहीही सांगता आलं असतं. तो कोपरा, सोप्यातली जागा, आता आठवत नाही. पण तिच्यानं त्या बाईंशी खोटं बोलवेना. आकडे तिला पाठ होते. ती दारातूनच ओळी मोजत गेली, वेलीपासून सातवी, मग भिंतीकडून नववी, आणि बोट दाखवलं. खोलीच्या मधोमध.

झुंबरबाई हळूहळू चालत तिथे गेल्या. पायानं ते फूल एकदा चाचपलं. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, त्यावर खाली बसल्या आणि मांडी घातली.

“माह्यं ताट इथीच आना,” त्या म्हणाल्या.

सलीमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. पाटलांची बायको क्षणभर नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग ताट वाढायला आत गेली.